जितकी जॅकेटं, तितकी माणसं

१

आत गेले तितके सगळे बाहेर आले होते. जॅकेटं मोजून झाली होती, चहा झाला होता, एकमेकांच्या धुरकट चेहऱ्यांची थट्टाही करून झाली होती. दुपारी धुलाईवाले पाण्याचा पाइप ओढत बोगद्यात शिरले आणि गल्लीत त्यांना मास्तर मरून पडलेला सापडला.

गल्ली म्हणजे काय ते आधी सांगायला हवं. बोगदे दोन, शेजारी शेजारी. एक जायचा, एक यायचा. एकात आग लागली तर माणसांनी पळायचं कुठे? दुसऱ्यात. म्हणून दोन्हींना जोडणारी एक आडवी वाट खोदलेली, तिच्या दोन्ही टोकांना लोखंडी दारं. धूर आत येऊ नये म्हणून तिच्यात वरून सतत ताजी हवा सोडलेली. कॅमेरे मात्र फक्त बोगद्यांत, गल्लीत नाही. कागदोपत्री तिला चांगलं लांबलचक नाव होतं. पण कागद सोडले तर सगळे गल्लीच म्हणत.

आणि मास्तर काही शाळेत शिकवत नव्हता. बोगद्यात आग लागली की माणसं कशी वागतात, कुठे धावतात, कुठे अडतात, याचा अभ्यास करणारा तो संशोधक. समोरच्याची चूक दाखवल्याशिवाय त्याला घास गिळत नसे, म्हणून मास्तर.

बोगदा परवा खुला व्हायचा होता. त्याआधीचा शेवटचा सराव त्या सकाळी झाला. खोटा धूर सोडायचा, कामगारांच्या घरची माणसं त्यातून चालवायची, ती गल्लीतून दुसऱ्या बोगद्यात आणि तिथून बाहेर येतात का ते बघायचं. वर काचेच्या खोलीत पडद्यांसमोर बसलेल्या तिने हा सगळा सराव चालवला होता. वायरलेसवर तिला सगळे ‘कंट्रोल’ म्हणत, आणि हळूहळू समोरासमोरही तेच म्हणू लागले. तिची आई म्हणायची, "तिकडे असशील कंट्रोल. घरात माझा चालतो."

जॅकेटं जुळल्याचा निरोप खालून आला तेव्हा कंट्रोलने माइकवर सांगितलं होतं, "बोगदा रिकामा." मोठे साहेब मुद्दाम वर आले, तिच्या खांद्यांवरून हात टाकून म्हणाले, "शाब्बास पोरी." मोठे साहेब म्हणजे अख्ख्या कामाचे प्रमुख. तिचे वडील गेल्यावर तिला नोकरीला लावलं ते त्यांनीच.

आता ती गल्लीच्या दारात उभी होती. मास्तरचं कपाळ फुटलेलं होतं. पलीकडच्या लोखंडी पायरीवर रक्त होतं, आणि तिथून भिंतीपर्यंत रक्ताचा फराटा. म्हणजे पडल्यावर तो सरपटला होता. तिला त्याच्या चेहऱ्याकडे बघवेना, म्हणून ती शर्टाकडे बघत राहिली. बाह्या सिमेंटच्या धुळीने राखाडी झालेल्या, छाती आणि पोट मात्र धुतल्यासारखं पांढरं. भलत्या वेळी भलतं दिसतं माणसाला, असं तिला वाटलं.

फराटा भिंतीवरच्या फोनखाली संपत होता. रिसीव्हर वायरवर लोंबत होता.

तिने डोळे मिटून घेतले. कारण तो फोन वाजला होता. सगळं संपल्यावर, बोगदा रिकामा म्हटल्यावर, तिच्या टेबलावर त्या फोनचा दिवा लागला होता. तिने उचलला होता आणि ठेवून दिला होता.

२

"खांद्यावर हे काय लावून आलीस?" आईने दारातच विचारलं.

कंट्रोलने मान वळवून पाहिलं. कुर्त्यावर एका खांद्यापासून मानेमागून दुसऱ्या खांद्यापर्यंत राखाडी पट्टा उमटला होता.

"धूळ असेल. तुझ्याही बाह्या बघ."

"माझ्या मळल्या ते ठीक. मी धुरातून चालले. तू तर वर काचेमागे बसली होतीस महाराणीसारखी." आई सरावात होती. लेकीच्या कामाचं ठिकाण बघायची हौस तिने अशी भागवून घेतली होती. मास्तरचं तिला एव्हाना कळलं होतं, पण भीती वाटली की ती जास्त बोलायची. "काढ तो कुर्ता. आणि काही म्हण, धुराने जीव घाबरला तरी दार बाई काय हलकं. हात लावला न लावला तोच उघडलं. आपल्या मोरीचं दार याहून जड आहे."

कंट्रोलने कुर्ता काढून गॅलरीतल्या खुर्चीवर टाकला. त्या दिवसाच्या कपड्यांना हात लावावासा वाटेना. तेवढ्यात मोबाइल वाजला. मोठे साहेब होते.

"जेवलीस का?" त्यांनी विचारलं. आवाज नेहमीसारखाच, घरच्या माणसासारखा. "हे बघ, उद्या चौकशीला बाई येतील. तू पडद्यावर लक्ष ठेवलं नाहीस, असं त्या म्हणतील. मी आहे. फक्त त्या फोनचं कुणापाशी बोलू नकोस. उगाच गोवली जाशील. तुरुंगाची गोष्ट आहे पोरी."

"तो जिवंत होता का, साहेब? फोन केला तेव्हा?"



"झोप आता," ते म्हणाले.

तिला झोप कसली लागते. डोळा लागला की तो दिवा लागायचा. फोनमध्ये त्या वेळी बोलणं नव्हतं, नुसता श्वास होता, ओला, अडखळणारा. खराब लाइनची खरखर आहे असं तिने स्वतःला सांगितलं होतं. ती खरखर नव्हती हे तिला तेव्हाही ठाऊक होतं, आणि याच गोष्टीची तिला सगळ्यात जास्त भीती वाटत होती.

३

चौकशीवाल्या बाई बुटक्या, जाड भिंगांच्या. आयुष्य आगी विझवण्यात गेलेलं, त्यात एक फुप्फुस निकामी झालेलं. चार वाक्यं बोलल्या की थांबून दम घ्यायच्या आणि पेपरमिंटची गोळी तोंडात टाकायच्या. समोरच्याला वाटायचं, संपलं बोलणं. आणि तो नको ते बोलून बसायचा.

वरच्यांनी त्यांच्या हातात तयार उत्तर ठेवलं होतं. मास्तरचं सकाळी पंखेवाल्याशी कडाक्याचं भांडण झालं, ‘या नाटकात मी नाही’ म्हणून तो तरातरा निघून गेला, हे सगळ्यांनी पाहिलं. मग तो कुणाला न सांगता, जॅकेट न घालता आत शिरला, पाय घसरून पडला. कंट्रोलने पाहायला हवं होतं. तिने पाहिलं नाही. निष्काळजीपणा तिचा, शिक्षा तिला.

बाईंनी आधी पंखेवाल्याला बोलावलं. वाऱ्याची सगळी यंत्रं त्याची.

"भांडलात कशावरून?"

"तो म्हणे, पंखे पूर्ण चालले की गल्लीत हवा इतकी कोंबली जाते की तुमचं दार एकट्या माणसाला ढकलवत नाही. मी म्हटलं, हवा कमी केली तर धूर आत शिरेल, मग दार उघडून करायचंय काय? तो म्हणे, जादा हवा सोडायला झडप बसवा. अहो, झडप बसवायची म्हणजे उद्घाटन गेलं की दोन महिने पुढे."

"मग खरं कोण?"

पंखेवाल्याने मान खाली घातली. "दोघंही. पण मी त्याला मारलेला नाही. सराव संपेस्तोवर मी पलीकडच्या टोकाला पंख्यांपाशी होतो, फोन कानाला. विचारा कंट्रोलला, सारखी माझ्यावर ओरडत होती."

"खरं आहे," कोपऱ्यात बसलेली कंट्रोल म्हणाली. आपला सुटायचा एक रस्ता आपणच बंद केला, हे तिला बोलल्यावर कळलं.

मग सुभेदार आला. फौजेतून आलेला, बोगद्याच्या तोंडाशी टेबल मांडून बसायचा. टेबलावर बिनबाह्यांच्या केशरी जॅकेटांचा ढीग. ज्याने त्याने उचलायचं, मास्क आणि चष्मा चढवायचा, आत जायचं. बाहेर आल्यावर जॅकेट परत ढिगात.

"जितकी गेली तितकी आली," सुभेदार छाती काढून म्हणाला. "एक कमी नाही, एक जास्त नाही. मोजण्यात माझी चूक होत नाही."

"जॅकेटं मोजलीत," बाई म्हणाल्या.

"हो."

"तोंडं?"

"मास्क असतात ना हो. तोंडं कशी दिसणार?" तो चाचरला. "जॅकेट आलं म्हणजे माणूस आलाच की. आम्ही नेहमी असंच करतो."

"मोठे साहेब कुठे होते?"

"बाहेरच होते. लोक यायला लागले तेव्हा सगळ्यांशी हात मिळवत होते."

"त्याआधी?"

"बाहेरच असणार. आणखी कुठे असतील?"

बाईंनी गोळी चघळली. मग मास्तरचा शर्ट मागवला. तो टेबलावर पसरला. राखाडी बाह्या, पांढरी छाती.

"पंखे पूर्ण चालू, बोगद्यात सिमेंटची धूळ," बाई शर्टावर बोट न टेकवता म्हणाल्या. "धूळ काही बाह्या बघून बसत नाही. याची छाती कोरी राहिली, कारण छातीवर काहीतरी होतं. बघा, खांद्यापाशी रेघ कशी सरळ आहे. हा माणूस जॅकेट घालून आत गेला होता."

"पण अंगावर जॅकेट नव्हतं," सुभेदार म्हणाला. "आणि जॅकेटं तर सगळी..."

तो बोलता बोलता थांबला.

"सगळी परत आली," बाई म्हणाल्या. "म्हणजे मेलेल्या माणसाचं जॅकेट आणि मास्क घालून दुसरं कुणीतरी बाहेर आलं. तुमच्या टेबलापाशी आलं, जॅकेट ढिगात टाकलं आणि तुमच्यातच उभं राहिलं."

४

"माझ्याबरोबर आत चल," बाई कंट्रोलला म्हणाल्या.

पंखे पूर्ण वेगात सुरू केले होते. बोगद्यात त्यांचा आवाज छातीत घुमत होता. धूर नव्हता, दिवे लख्ख होते, भरदिवसाची वेळ. तरी तिच्या अंगावर काटा आला होता. केशरी जॅकेट घालून बाहेर पडलेला तो कोणीतरी तिच्या कॅमेऱ्यासमोरून गेला होता आणि तिने त्याला जाऊ दिलं होतं.

गल्लीचं दार आत ढकलायचं होतं. बाईंनी ढकललं. हललं नाही. कंट्रोलने अंग लावलं. दार तसूभर सरकलं आणि आतल्या हवेने परत तोंडावर बंद झालं. मागून येणारा सुभेदार धावून आला, मग दोघांनी मिळून ते उघडलं.

"माझी आई म्हणाली, हात लावला तोच उघडलं," कंट्रोल हळूच म्हणाली.

बाईंनी वळून तिच्याकडे पाहिलं. "आत जा. दाराच्या मागे उभी राहा. मी ढकलेन तेव्हा मूठ धरून ओढ."

ती आत गेली. दार उघडलं की ते भिंतीशी जायचं, आणि दार नि भिंत यांच्यात एक माणूस मावेल इतकी जागा उरायची. लपाछपीत पोरं उभी राहतात तशी ती तिथे उभी राहिली. बाहेरून धक्का आला. तिने सगळा जोर लावून ओढलं. दार उघडलं आणि सुभेदार, मागून बाई, तिच्या नाकासमोरून आत गेले. दोघांनीही मागे पाहिलं नाही. समोर पलीकडच्या दाराचा हिरवा दिवा होता, आणि नजर तिकडेच जात होती.

मग तिला कळलं की आपण कुठे उभ्या आहोत. कालही इथे कुणीतरी उभं होतं. आई इथून गेली तेव्हा तो इतका जवळ होता की त्याचा श्वास तिच्या मानेला लागला असता.

"बाई," ती कशीबशी म्हणाली. "तो इथे होता. तो दार ओढत होता."

"सराव पास व्हावा म्हणून," बाई म्हणाल्या. "आता मास्तरचा विचार कर. तो रागाने निघून गेला नव्हता. जॅकेट उचलून, मास्क चढवून, मुद्दाम सगळ्यांच्या शेवटी आला. या दाराला काय लागतं हे चालणाऱ्यांपैकी फक्त त्याला ठाऊक. बाकीच्यांनी हात लावला. त्याने काय केलं असेल?"

कंट्रोलच्या डोळ्यांसमोर ते आलं. किडकिडीत मास्तर, चार पावलं मागे सरून, सगळा भार खांद्यात घेऊन धावलेला. आणि आतून कुणीतरी नेहमीसारखं ओढलेलं.

"तो उडून पडला," ती म्हणाली. समोर लोखंडी पायरी होती. तिच्यावरचा डाग अजून पुरता गेला नव्हता.

बाई भिंतीला टेकल्या. बराच वेळ दम घेत राहिल्या. काही विचारलं नाही. आणि त्या गप्पपणात कंट्रोलच्या तोंडून ते निसटलं.

"फोन वाजला होता. मी ठेवला."

"का ठेवलास?"

"मोठे साहेब शेजारी होते. ते म्हणाले, लाइन तपासत असतील, ठेव." तिला रडू फुटलं. "मी का ऐकलं, बाई? मला श्वास ऐकू आला होता."

बाईंनी गोळी काढली, पण तोंडात टाकली नाही.

"साहेब तुझ्या किती जवळ उभे होते?"

"खांद्यांवर हात टाकला होता," ती म्हणाली. आणि हे बोलता बोलता तिचं रडणं थांबलं.

५

काचेच्या खोलीत सगळे जमले. पंखेवाला, सुभेदार, मोठे साहेब, आणि कोपऱ्यात कंट्रोलची आई, मांडीवर घडी केलेला कुर्ता घेऊन.

बाईंनी जॅकेटचं सांगितलं, दाराचं सांगितलं. पंखेवाला डोकं धरून बसला. मोठे साहेब शांतपणे ऐकत होते.

"म्हणजे आत लपलेला माणूस हवा," ते म्हणाले. "मी बाहेर तोंडाशी होतो. सुभेदार सांगतील."

"साहेब," सुभेदार खाली बघत म्हणाला, "तुम्ही मला दिसलात ते लोक बाहेर आल्यावर. त्याआधी मी तुम्हाला पाहिलेलं नाही. मी फक्त धरून चाललो होतो."

"त्यावरून काय सिद्ध होतं?"

बाईंनी आईकडे हात केला. आईने कुर्ता उलगडला. मानेमागून गेलेला राखाडी पट्टा सगळ्यांना दिसला.

"ही पोरगी कालचा अख्खा दिवस या खोलीत होती. इथे धूळ नाही. सराव संपल्यावर तुम्ही वर आलात आणि हिच्या खांद्यांवर हात टाकलात."

"मी सगळ्यांशी हात मिळवले. त्यांचे हात मळलेले होते."

"हात मिळवून तळवा मळतो. हा तळव्याचा ठसा नाही, साहेब. मनगटापासून कोपरापर्यंतच्या बाहीचा आहे." बाई दम घ्यायला थांबल्या. "गल्लीत हवा ताजी, तिथे उभं राहून धूळ लागत नाही. दुसरा बोगदा धुऊन ठेवलेला होता. मग तुमच्या बाह्यांना धूळ आली कुठून? धूळ होती ती धुरातून आलेल्यांच्या अंगावर. पडलेल्या माणसाला कवेत घेऊन उठवल्याशिवाय त्याच्या अंगातलं जॅकेट निघत नाही. मास्तरच्या बाह्यांची धूळ तुमच्या बाह्यांवर आली, आणि तुमच्या बाह्यांवरून हिच्या खांद्यावर."

कंट्रोलला खांद्यावर काहीतरी सरपटल्यासारखं झालं. काल रात्री ती मेलेल्या माणसाची धूळ अंगावर घेऊन घरी गेली होती.

मोठ्या साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. खाली मांडवाचे बांबू उभे राहत होते.

"मी फक्त दार ओढलं," ते म्हणाले. आवाज एकदम म्हाताऱ्याचा झाला होता. "दोन महिने हवे होते झडपेला. मी पुढच्या आठवड्यात निवृत्त होतोय. बोगदा माझ्या हातून सुरू व्हावा, एवढंच. त्याला मी हातही लावला नाही. तो येऊन आदळला. गेला, असंच मला वाटलं. एक जॅकेट कमी आलं असतं तर लोक शोधायला आत आले असते आणि मी तिथे सापडलो असतो. गेलेल्या माणसाला जॅकेटाचा काय उपयोग? शपथ घेऊन सांगतो, तो जिवंत आहे हे मला माहीत नव्हतं."

सुभेदाराच्या डोळ्यात पाणी होतं. ज्याच्या हाताखाली उमेदीची वर्षं घालवली त्या माणसाकडे त्याला बघवत नव्हतं.

"होतं," कंट्रोल म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिला भीती वाटत होती, पण ती बोलत राहिली.

"जॅकेट काढलंत तेव्हा माहीत नसेल. पण नंतर हा दिवा लागला. गल्लीतला फोन. गल्लीत कोण आहे हे जगात फक्त तुम्हाला माहीत होतं, साहेब. मला वाटलं असेल लाइन तपासतायत. तुम्हाला कसं वाटेल? तुमचा हात माझ्या खांद्यावर होता. तेव्हा धावलो असतो तर तो वाचला असता. तुम्ही मला म्हणालात, ठेव."

मोठे साहेब तिच्याकडे बघत राहिले. मग ते खुर्चीत बसले. त्यांना न्यायला आलेली माणसं दाराबाहेर उभी होतीच.

जाता जाता बाई तिच्याजवळ थांबल्या. "तुझ्यावरचा ठपका निघेल," त्या म्हणाल्या. "फोन ठेवल्याचं काय, ते मी लिहिणार आहे. खोटं लिहिता येत नाही मला. पण कुणी ठेवायला लावला तेही लिहीन."

"लिहा," कंट्रोल म्हणाली. "तसंच लिहा."

मांडव उतरवला गेला. झडपा बसल्या. जड दार हलकं झालं. पंखेवाल्याने रोज स्वतःच्या सासूला आणून ते ढकलायला लावलं, आणि सासू रोज त्याला चार शब्द सुनावून गेली. पुन्हा सराव ठरला तेव्हा सुभेदाराने टेबलामागे बसायचं नाकारलं. तो बोगद्याच्या तोंडाशी उभा राहिला आणि येणाऱ्या प्रत्येकाला मास्क काढायला लावून चेहरा बघू लागला. आईला तर त्याने दोनदा पाहून घेतलं. "ओळख पटली का, भाऊ?" आईने विचारलं.

"सगळे आले, कंट्रोल," त्याने वायरलेसवर सांगितलं. "तोंडं पाहिली."

तिने माइक ओढला. बोगदा रिकामा म्हणायचं होतं. तेवढ्यात टेबलावर गल्लीच्या फोनचा दिवा लागला.

सगळे बाहेर होते. तिने रिसीव्हर उचलला. पलीकडून धापांचा आवाज येत होता.

"कोण आहे?" तिने विचारलं. उत्तर आलं नाही. शेजारच्या खुर्चीतला नवा साहेब म्हणाला, "लाइन तपासत असतील. ठेवा आणि पुढचं घ्या."

"नाही," ती म्हणाली. तिने रिसीव्हर कानाशी घट्ट धरला आणि दुसऱ्या हाताने वायरलेस उचलला. "सुभेदार, गल्लीत धावा. आत्ता."

पलीकडच्या धापा थांबल्या. कुणीतरी गोळी कडाडून चावली.

"शाबास," चौकशीवाल्या बाई म्हणाल्या. "दुसऱ्या बोगद्याच्या पलीकडच्या तोंडाने मुद्दाम चालत आले. दम लागलाय. घेऊन जा मला."

"आलेच," कंट्रोल म्हणाली. पण सुभेदाराचा आवाज फोनमध्ये ऐकू येईपर्यंत तिने रिसीव्हर खाली ठेवला नाही.